घर झालं, दाखला राहिला!

‘‘बाई, आपल्या घराचा नकाशा तुझ्याकडं हाय का?’’

फेब्रुवारी 2025. सोमवार, सकाळचे अकरा. लेख द्यायला एक तास उरलेला, कीबोर्डवर बिस्किटाचा चुरा आणि फोनवर पप्पा. नकाशा? माझ्याकडे? पुण्यातल्या वन बीएचकेमध्ये आम्ही तिघी राहतो. माझ्या वाट्याला अख्खं कपाटसुद्धा नाही, एक कप्पा आहे. त्यात घराचा नकाशा कुठून येणार?

‘‘बँकवाले मागायलेत,’’ पप्पा म्हणाले. ‘‘अजून एक कायतरी म्हणले. भोगवटा.’’

तो शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. खरं सांगते, मला वाटलं ‘भोग’शी काहीतरी संबंध असणार. आता नऊ महिन्यांच्या अनुभवानंतर सांगते, संबंध आहेच!

तर मंडळी, आमचं गाव बीड जिल्ह्यातलं. नेमकं कुठलं ते विचारू नका. जिल्ह्यात तालुके अकरा आणि नगरपालिका त्याहून कमी, लगेच पत्ता लागेल आणि पप्पांना अजून तिथेच राहायचंय. पप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. आयुष्यभर भाड्याच्या खोल्यांत काढून 2011 मध्ये त्यांनी पंधराशे स्क्वेअर फुटांचा प्लॉट घेतला. इंजिनियरकडून नकाशा काढून घेतला, नगरपालिकेत पैसे भरले, रीतसर बांधकाम परवानगी घेतली. गुत्तेदाराशी घासाघीस केली, सुट्टीच्या दिवशी स्वतः उभं राहून स्लॅबवर पाणी मारलं. 2012 ला वास्तुशांती. मी तेव्हा आठवीत होते आणि स्वतःची खोली मिळाली म्हणून जाम खूश होते. (ती खोली चार वर्षांनी दादाच्या लग्नात गेली, तो वेगळा विषय.)

आता लोचा कुठे झाला बघा. दादाला गावात पॅथॉलॉजी लॅब काढायची होती. मशीनसाठी कर्ज हवं, तारण म्हणून घर. सातबारा नाही. नगरपालिकेचा पीटीआर उतारा आहे, खरेदीखत आहे, बेबाकी आहे. सगळी फाइल बँकेच्या वकिलाकडे गेली आणि एका ओळीचा शेरा घेऊन परत आली. ‘भोगवटा प्रमाणपत्र जोडलेले नाही.’

‘‘अगं, पण दरवर्षी घरपट्टी भरायलोत की आपण! एप्रिलमध्येच भरतो मी, सगळ्यांच्या आधी,’’ पप्पा कळवळून म्हणाले. आणि इथेच आपल्यापैकी नव्वद टक्के लोकांची दांडी उडते. (हा आकडा माझ्या मनाचा आहे, पण तुमच्या घरी फोन लावून बघा!) घरपट्टीची पावती म्हणजे घर कायदेशीर असल्याचा पुरावा, असं आपण सगळे धरून चालतो. नगरपालिका मात्र बेकायदा बांधकामावरही कर लावते, वर शास्तीही लावू शकते. आणि कर घेतला म्हणून बांधकाम नियमित झालं असं होत नाही, हे कायद्यातच स्पष्ट लिहिलंय. म्हणजे पैसे आमचे घेणार, पण ओळख देणार नाही. अगदी कॉलेजातल्या त्या मुलासारखं!

मला हे प्रकरण समजायला दोन दिवस लागले. तुम्हाला दोन मिनिटांत सांगते, तेही आपल्या भाषेत. बांधकाम परवानगी म्हणजे ऑफर लेटर. महाराष्ट्रात हा सगळा कारभार 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यावर चालतो. परवानगी मिळाली की एक वर्षात काम जोत्यापर्यंत आलं पाहिजे. नाही आलं तर दरवर्षी मुदतवाढ मागायची, तीही फार तर तीन वर्षं. मग येते जोता तपासणी. ती म्हणजे प्रोबेशननंतरचं कन्फर्मेशन. पाया नकाशाप्रमाणेच घातलाय ना, बाजूला सोडायची जागा सोडलीय ना, हे बघायचं. आणि सगळं बांधून झालं की इंजिनियरने पूर्णत्वाचा दाखला जोडून अर्ज करायचा, पालिकेने येऊन बघायचं आणि भोगवटा प्रमाणपत्र द्यायचं. म्हणजे, ‘हे घर राहण्याजोगं आहे, राहा बाबांनो.’

आमच्याकडे ऑफर लेटर होतं. बाकी काहीच नव्हतं. आणि तेरा वर्षं आम्ही नोकरीवर होतो!

‘‘कुणीच घेत नाही गं भोगवटा आपल्याकडं,’’ पप्पा म्हणाले. खरंय. आमच्या गल्लीत चौकशी केली, तर एकाकडेही नव्हता. पलीकडच्या गल्लीत तर परवानगीच नाही, कारण ते प्लॉट गुंठेवारीचे. त्यांच्यासाठी निदान 2001 चा गुंठेवारी कायदा तरी आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारीला तो लागू झाला. आम्ही मधले. ना धड बेकायदा, ना धड कायदेशीर.

मग आत्ताच बँका एवढ्या कडक का झाल्या? 17 डिसेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टाने मेरठच्या एका बेकायदा बांधकामाच्या खटल्यात निकाल देताना देशभरासाठी सूचना दिल्या. बांधकाम पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला बघितल्याशिवाय वीज-पाण्याचं कनेक्शन देऊ नका, आणि इमारत तारण ठेवून कर्ज द्यायचं तर बँकांनीही तो दाखला तपासल्याशिवाय देऊ नका. निकाल आला डिसेंबरात आणि आमची फाइल परत आली फेब्रुवारीत. टायमिंग बघा आमचं!

मला त्यावरून वरळीचं कॅम्पा कोला कंपाउंड आठवलं. 1980 च्या दशकात पाच मजल्यांची परवानगी असताना बिल्डरांनी मजल्यावर मजले चढवले, एक इमारत तर वीस मजल्यांपर्यंत गेली. लोकांनी पैसे मोजून घरं घेतली, पोरं वाढवली. 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, परवानगीपेक्षा जास्तीचे मजले बेकायदा. 2014 च्या जूनमध्ये त्या घरांचं वीज, पाणी, गॅस तोडलं गेलं. तेव्हा टीव्हीवर रडणारी माणसं बघून आम्ही घरी म्हणालो होतो, ‘‘मुंबईच्या लोकांनी कागद बघून घर घ्यायला नको?’’ हे आम्ही कुठे बसून म्हणत होतो? भोगवटा नसलेल्या घरात!

असो. आधी नकाशा शोधायचा होता. स्टीलच्या पेटीत तो सापडला, पण वाळवीने स्वयंपाकघर आणि अर्धा हॉल खाल्लेला. मग मास कम्युनिकेशनच्या डिग्रीचा पहिल्यांदा घरच्यांना उपयोग झाला. मी माहिती अधिकाराचा अर्ज केला. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत, मंजूर नकाशाची प्रमाणित प्रत. सव्वीसाव्या दिवशी प्रत हातात! पप्पा म्हणाले, ‘‘चार वर्षं शिकलीस त्याचं चीज झालं.’’ (माझे तीनशे छापील लेख कुठे गेले, देव जाणे.)

नकाशा आला आणि खरा प्रॉब्लेम समोर आला. नकाशात तळमजला होता, वरची खोली नव्हती. ती 2016 मध्ये दादाच्या लग्नाआधी घाईघाईत बांधली, परवानगी न घेता. ‘एकच तर खोली आहे, त्यासाठी कशाला?’ हे आपलं राष्ट्रीय वाक्य. आणि बाजूला जी मोकळी जागा सोडलेली दाखवली होती, तिथे उभी होती आजीची न्हाणी.

तिच्याबद्दल सांगायलाच हवं. आजी शेवटची चार वर्षं आमच्याकडे होती. तिला आतल्या बाथरूमची पायरी चढवत नसे. म्हणून पप्पांनी भिंतीला लागून पत्र्याची न्हाणी केली. खाली शहाबादी फरशी, नळ अगदी खाली, बसून हात पोचेल असा, आणि धरायला एक लोखंडी नळी. आजी जाऊन सहा वर्षं झाली. न्हाणीत आता जुनी सायकल आणि रिकामे रंगाचे डबे असतात. पण नळ अजून पुसलेला असतो. कोण पुसतं ते आम्हाला माहीत आहे, बोलत कुणी नाही.

त्याच आठवड्यात ऑफिसबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात पप्पांना एक गृहस्थ भेटले. ‘‘गुरुजी, कशाला डोक्याला ताप? पंचवीस हजार द्या, सगळं मॅनेज करतो. न्हाणी पण राहू द्या जाग्यावर.’’ दादाने मला फोन केला. ‘‘ऐक ना, देऊन टाकू. लॅबचं भाडं सुरू झालंय.’’ आणि खोटं कशाला बोलू, मीही दोन मिनिटं विचार केला. पुण्यात आपण ट्रॅफिक हवालदारापुढे काय करतो, ते आपलं आपल्याला माहीत असतं!

पप्पा ‘नाही’ म्हणाले. भाषण दिलं नाही. फक्त म्हणाले, ‘‘तेहतीस वर्षं पोरांचे पेपर तपासले मी. आता माझा पेपर आलाय तर कॉपी करू?’’

दादा दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही.

मग सरळ रस्ता. परवानाधारक इंजिनियर गाठला. त्याने टेप लावून अख्खं घर पुन्हा मोजलं आणि वरच्या खोलीसह सुधारित नकाशा केला. इथे नशीब आमच्या बाजूने होतं. 3 डिसेंबर 2020 पासून मुंबई महापालिका आणि काही मोजके भाग सोडून राज्यभर एकच बांधकाम नियमावली लागू आहे, तिला यूडीसीपीआर म्हणतात. तिच्या हिशेबात वरची खोली बसत होती. म्हणजे दंड भरून नियमित होण्यासारखी होती. आता नकाशे ऑनलाइन जातात, बीपीएमएस नावाच्या प्रणालीत. इंजिनियर ऑटोकॅडची फाइल टाकतो, मालकाला मेसेज येतो, चलन निघतं, पैसे ऑनलाइन भरायचे. ऐकायला झक्कास! प्रत्यक्षात मोबाइल नंबर पप्पांचा, पैसे माझ्या खात्यातून, आणि ओटीपी सांगायचा फोनवर. ‘‘चार, सात... थांब, चष्मा कुठं ठेवला...’’ तोवर ओटीपीची मुदत संपलेली. चार वेळा!

पण पैशांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण त्याच्या भीतीनेच लोक दारात जात नाहीत. मुख्य भाग असतो विकास शुल्काचा. तो ठरतो रेडी रेकनरच्या जमिनीच्या दरावर. राहत्या घरासाठी जमिनीच्या क्षेत्रावर त्या दराच्या अर्धा टक्का आणि बांधकामाच्या क्षेत्रावर दोन टक्के. समजा तुमच्या गावात दर चौरस मीटरला 3000 रुपये आहे, प्लॉट 139 चौरस मीटर आणि बांधकाम 100. मग जमिनीचे 2085 आणि बांधकामाचे 6000, एकूण 8085 रुपये. त्यावर छाननी शुल्क, आणि लागू असेल तर बांधकाम खर्चावर कामगार कल्याण उपकर. तो 1996 च्या कायद्याने आला, त्यातून बांधकाम मजुरांसाठी योजना चालतात. नियमापेक्षा जास्त बांधायचं असेल तर प्रीमियम वगैरे प्रकार सुरू होतात, तो मोठ्या लोकांचा खेळ. आमचं वरच्या खोलीचं चलन, दंड धरून, माझ्या मोबाइलपेक्षा स्वस्त पडलं. इंजिनियरची फी वेगळी, पण तीही एजंटच्या आकड्याच्या खालीच. नऊ वर्षं आम्ही याला घाबरत होतो!

आणि नवीन घर बांधणाऱ्यांसाठी तर आता आणखी सोपं आहे. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर नियमात बसणारं घर असेल, तर तज्ज्ञाच्या सहीचा नकाशा आणि कागद द्यायचे, पैसे भरायचे, ती पावतीच परवानगी मानली जाते. आमच्या प्लॉटला हे 2011 मध्ये असतं तर!

जुलैत पाहणीला पालिकेचे इंजिनियर आले. आईने पोहे केले. त्यांनी फक्त पाणी घेतलं. टेप लावली, वर गेले, खाली आले आणि न्हाणीपाशी थांबले. ते पप्पांचे विद्यार्थी निघाले, सातवी ‘ब’चे. हळूच म्हणाले, ‘‘गुरुजी, एवढं काढा. हे असताना मला ‘नकाशाप्रमाणे’ असं लिहिता येणार नाही.’’

पप्पा म्हणाले, ‘‘मीच शिकवलंय तुला. लिहू नकोस.’’

तरी दोन महिने न्हाणी उभीच होती. कधी पाऊस, कधी पितृपक्ष, कधी मिस्त्री मिळत नाही. दादा वैतागला, बँकेने फाइल बंद करायची भाषा केली. सप्टेंबरमध्ये मी घरी गेले. त्याच आठवड्यात, 17 तारखेला, बीडला पहिली रेल्वे सुरू झाली होती. नव्वदच्या दशकात मंजूर झालेली लाइन, आजी ‘गाडी आली की पंढरपूरला नेशील’ म्हणायची ती हीच. सगळा जिल्हा स्टेशनचे फोटो स्टेटसला टाकत होता. आणि आमचे पप्पा पान्हा घेऊन न्हाणीचे नट ढिले करत होते. मिस्त्री बोलावला नाही. दादाने न सांगता पत्रा धरला. मी नळ काढला. कुणी काही बोललं नाही. लोखंडी नळी तेवढी पप्पांनी आतल्या बाथरूममध्ये लावायला ठेवली. ‘‘आता आम्हाला लागलंच की,’’ ते म्हणाले.

रात्री गच्चीवर मी विचारलं, ‘‘एवढं काय असतं हो त्या बाजूच्या मोकळ्या जागेत?’’ तर त्यांनी किल्लारीचं सांगितलं. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या सुमारास. गणपती विसर्जन करून लोक नुकतेच झोपलेले. पप्पा तेव्हा अंबाजोगाई तालुक्यात नोकरीला होते, पलंग हलल्याने जागे झाले. पुढे मदतीला गेले तेव्हा त्यांनी दगडमातीच्या भिंतींखाली गेलेली गावं पाहिली. ‘‘मोठ्या मशीनला आत शिरायला गल्लीच नव्हती काही ठिकाणी. सगळं एकमेकांवर पडलेलं. तेव्हा म्हणलं होतं, आपण घर बांधलं की जागा सोडून बांधायचं. आणि मग आपणच...’’ वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

एवढे दिवस मला तो दाखला म्हणजे बँकेने मागितलेला एक कागद वाटत होता. त्या रात्री कळलं की पप्पांना तो स्वतःसाठीच हवा होता.

दुसऱ्या दिवशी भोगवट्याचा अर्ज गेला. एक टिप लिहून ठेवा. जोता प्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र या सेवा 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली येतात. अर्जाची पोच घ्या, तिच्यावर मुदत बघा. मुदतीत काम झालं नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं, आणि विनाकारण उशीर करणाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. आम्हाला अपिलाची वेळ आली नाही. पण पोच फाइलमध्ये सगळ्यात वर लावली होती. तिचा इफेक्ट सॉलिड असतो!

नोव्हेंबरात दाखला आला. एक पानाची पीडीएफ. दादाची बँकेत धावपळ सुरू झाली, लॅबचा बोर्ड रंगायला गेला. पप्पांनी प्रिंट काढली, लाल पेन घेऊन दोनदा वाचली आणि मला फोन केला.

‘‘बाई, ‘तळमजला’ला दोनदा ‘ल’ लावलाय बघ. सातवी ‘ब’चं शुद्धलेखन पहिल्यापासून कच्चं.’’

‘‘मग? दुरुस्त करून मागायचा का?’’

थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, ‘‘राहू दे. पास केलंय ना आपल्याला.’’

तर या वीकेंडला घरी फोन लावाल तेव्हा ‘जेवलात का’च्या आधी विचारा, ‘‘आपल्या घराचा भोगवटा आहे का?’’ समोर शांतता पसरली, तर समजा की तुम्हालाही एका सुट्टीत गावी जायचंय. आणि जाताना पान्हा न्या. लागतो.